कुणी बोलत नाही, तरी गाणं दबतं: टॉकओव्हर आणि आउटपुटचा गोंधळ कसा शोधायचा

डीजे मिक्सरबद्दलची ही तक्रार जवळजवळ ठरलेल्या शब्दांत येते. “मिक्सर बिघडलाय. गाणं चालू असताना मधेच आपोआप खाली जातं, दोन सेकंदांनी वर येतं. माइक तर स्टँडवर नुसता उभा आहे.” तासाभरात हे आठ-दहा वेळा होतं, मग काही वेळ सगळं सुरळीत, मग पुन्हा तेच. फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, कुणी हलवलेला नसतो, केबलही जागच्या जागी असते.

ही तक्रार पहिल्यांदा माझ्या वाट्याला आली तेव्हा मी फेडरवर संशय घेतला. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, केबली बदलल्या, शेवटी मिक्सर दुरुस्तीला पाठवला. तो ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन परत आला आणि पुढच्याच कार्यक्रमात गाणं पुन्हा दबलं. दुरुस्तीच्या टेबलावर दोष का सापडला नाही, हे लक्षात आलं तेव्हा कोडं सुटलं: तिथे मोठे स्पीकर लावलेले नव्हते. मिक्सर ठणठणीत होता. माइक स्पीकरचं ऐकत होता आणि मिक्सर माइकचं.

डीजे मिक्सरवर माइकचा स्विच बहुधा तीन जागांचा असतो: बंद, चालू आणि टॉकओव्हर. ‘चालू’वर माइकचा आवाज गाण्यात फक्त मिसळतो. ‘टॉकओव्हर’वर मिक्सर माइकच्या चॅनेलवर, म्हणजे माइकच्या आवाजाच्या वाटेवर, पहारा ठेवतो. तिथला सिग्नल एका ठराविक पातळीच्या वर गेला की बाकीचे सगळे चॅनेल ठरलेल्या मापाने खाली आणतो, आणि सिग्नल ओसरला की हळूहळू पूर्ववत करतो. या पातळीला थ्रेशोल्ड म्हणतात. मिक्सरला माणसाचं बोलणं ओळखता येत नाही, त्याला फक्त पातळी कळते. ती पातळी निवेदकाच्या गळ्यातून आली, बूथच्या मॉनिटरमधून (डीजेच्या जागेवरच्या, त्याला स्वतःला ऐकायच्या स्पीकरमधून) आली की सैल पिनेच्या खरखरीतून आली, त्याला फरक पडत नाही. म्हणून तपास माइकपासून सुरू करायचा. मिक्सर उघडण्याची वेळ क्वचितच येते.

आधी मीटर बघा

नॉबला हात लावण्याआधी डोळे मीटरवर ठेवा. गाणं दबेल त्या क्षणी दोन मीटर बघायचे: गाणं ज्या चॅनेलवर आहे त्याचा आणि मास्टरचा, म्हणजे मिक्सरमधून बाहेर पडणाऱ्या मुख्य आवाजाचा. चॅनेलचा मीटर बहुतेक डीजे मिक्सरांत फेडरच्या आधीचा सिग्नल दाखवतो, त्यामुळे टॉकओव्हरचा त्याच्यावर परिणाम दिसत नाही.

चॅनेलचा मीटर स्थिर आणि मास्टरचा खाली आला, तर गाणं मिक्सरच्या आतच दबलंय आणि टॉकओव्हर हा पहिला संशयित. दोन्ही मीटर एकदम खाली आले, तर गाण्याचा सिग्नलच कमी येतोय: प्लेयर, लॅपटॉपची सेटिंग, नाहीतर त्या दोघांमधली केबल बघा. आणि दोन्ही मीटर जागच्या जागी असताना हॉलमध्ये आवाज बसला, तर मिक्सरचा काही संबंध नाही; गडबड पुढे आहे, त्याबद्दल खाली लिहितो.

इथे एका गोष्टीने भलेभले फसतात. हेडफोनवर चॅनेलचा क्यू, म्हणजे त्या एकाच चॅनेलचा फक्त हेडफोनवरचा आवाज, ऐकत असाल तर दबणं ऐकूच येणार नाही, कारण क्यू बहुधा फेडरच्या आणि टॉकओव्हरच्या आधीच घेतलेला असतो. हॉलमधला माणूस हातवारे करून सांगतोय की गाणं गेलं, आणि तुमच्या कानात ते व्यवस्थित वाजतंय. अशा वेळी हेडफोनवर मास्टर क्यू लावून ऐका.

स्पीकर म्यूट करून बघा

मास्टरचा मीटर खाली येतोय हे पक्कं झालं की एकच चाचणी करायची, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली हीच सर्वांत उपयोगी. सगळे नॉब आहेत तसे राहू द्या. अँप्लिफायर किंवा पुढच्या कन्सोलवरून (हॉलचा आवाज सांभाळणाऱ्या मोठ्या मिक्सरवरून) मोठे स्पीकर म्यूट करा, बूथचा नॉब शून्यावर आणा. गाणं चालूच ठेवा, हेडफोन घाला आणि मास्टरच्या मीटरकडे दोन-तीन मिनिटं बघत बसा.

दबणं थांबलं, तर स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतोय. थांबलं नाही, तर माइकच्या लाइनमध्येच काहीतरी शिरतंय. तपासाचा रस्ता इथे दुभागतो, आणि कुठल्या वाटेने जायचं हे कळल्याशिवाय सेटिंग बदलत बसलात तर दोन चुका एकमेकींत मिसळतात.

स्पीकर माइकमध्ये शिरतो तेव्हा

होतं असं: बूथ मॉनिटरचा आवाज माइकमध्ये जातो, पातळी थ्रेशोल्ड ओलांडते, गाणं दबतं. गाणं दबल्यामुळे माइकमध्ये शिरणारा आवाजही कमी होतो, पातळी थ्रेशोल्डखाली येते, गाणं पुन्हा वर चढतं. चढलं की पुन्हा शिरतं. हे चक्र स्वतःच्या चालीने फिरत राहतं. गाण्याच्या तालाशी त्याचं नातं नसतं. गाणं परत वर यायला मिक्सर जितका वेळ घेतो, त्यावर ती चाल ठरते. तेव्हा वर-खाली होण्यात एकसारखं अंतर असेल आणि गाणं बदललं तरी ते अंतर फारसं बदलत नसेल, तर हे चक्रच समजा.

याउलट गाणं किकच्या (बास ड्रमच्या) प्रत्येक ठोक्याला हुंदका दिल्यासारखं दबत असेल, तर खालच्या सुरांचा धक्का माइकपर्यंत पोहोचतोय. सबवूफर आणि माइकचा स्टँड एकाच लाकडी मंचावर असले की हा धक्का हवेतून नाही, स्टँडच्या पायातून येतो. मी अशा वेळी स्टँडच्या पायाखाली जाड फोम ठेवतो आणि माइकच्या चॅनेलवर लो-कट (खालचे सूर कापणारा स्विच) असेल तर लावतो. ८० ते १०० हर्ट्झच्या खाली बोलण्यातलं कामाचं फारसं काही नसतं. लो-कट नसेल तर माइकच्या ईक्यूचा (सुरांच्या नॉबांपैकी) लो, म्हणजे खालचे सूर, कमी करा. पण काही मिक्सरांत पहारा ईक्यूच्या आधी बसवलेला असतो. तिथे ईक्यूने आवाज बदलेल, दबणं थांबणार नाही. एकदा लो पूर्ण खाली करून बघितलं की आपला मिक्सर कुठल्या जातीचा आहे ते लगेच कळतं.

आता खरा उपाय. लोक पहिल्यांदा थ्रेशोल्ड शोधतात, आणि पुष्कळ मिक्सरांवर तो नॉबच नसतो. पातळी कारखान्यात ठरलेली असते. मग हाताशी उरतो माइकचा गेन, म्हणजे आत येणारा सिग्नल किती वाढवायचा ते माप, आणि गेन ठरतो तोंड माइकपासून किती लांब आहे यावर. इथला हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी ६ डेसिबलने घटते आणि दहापट झालं की २० डेसिबलने. निवेदक माइक छातीजवळ, तोंडापासून ३० सेंटिमीटरवर धरत असेल, तर त्याचा आवाज भरून काढायला आपण गेन चढवतो, आणि त्या गेनबरोबर आजूबाजूचे सगळे स्पीकरही माइकमध्ये चढतात. तोच माइक त्याने ३ सेंटिमीटरवर धरला, तर गेन जवळपास २० डेसिबलने उतरवता येतो. स्पीकरचं शिरणंही तेवढंच उतरतं. कुठलंही सेटिंग इतका फरक पाडत नाही. माइक जवळ आला की आवाज जाड होतो हे खरं, पण लो थोडा कमी केला की काम भागतं.

म्हणून कार्यक्रमाआधी निवेदकाला दोन मिनिटं बाजूला घेऊन माइक कसा धरायचा ते मी दाखवतोच. कुणालाही यात कमीपणा वाटू नये इतक्या सहजपणे सांगायचं: “हनुवटीच्या समोर धरा, जाळीवर हात नको.” जाळी मुठीत पकडली की माइकची मागची छिद्रं बंद होतात, त्याची एकाच दिशेचं ऐकण्याची सवय मोडते, तो चारी बाजूंचं ऐकू लागतो. मग टॉकओव्हरही बिनसतो आणि शिट्टीही येते.

माइकची दिशा हा दुसरा उपाय. कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणारा) माइक बरोबर मागच्या बाजूने, म्हणजे १८० अंशांवर, सर्वांत कमी ऐकतो. सुपरकार्डिऑइडची (त्याहून अरुंद ऐकणाऱ्या माइकची) बहिरी बाजू साधारण १२६ अंशांवर असते, म्हणजे पाठीमागे पण तिरकी. त्याला बरोबर मागून थोडं ऐकू येतं. स्टँडवर ठेवलेल्या माइकची ही बहिरी बाजू बूथ मॉनिटरकडे करा. मॉनिटर हलवता येत असेल तर त्याहून बरं.

आणि बूथचा नॉब. रात्र चढत जाते तसा तो चढत जातो, कारण कान थकतात. तक्रार कार्यक्रमाच्या उत्तरार्धात सुरू झाली असेल, तर मी सर्वांत आधी बूथकडेच बघतो. बोलायचं नसताना माइकचा स्विच बंद ठेवायची सवय तर हवीच. टॉकओव्हरवर सोडून दिलेला माइक म्हणजे उघडं दार.

स्पीकर म्यूट असतानाही दबतं

मग माइकचा नॉब बंद करा किंवा प्लग काढा. दबणं थांबलं की दोष त्या लाइनमध्ये आहे. सैल एक्सएलआर (तीन पिनांचा प्लग), आतून तुटत आलेली केबल, ऑक्सिडाइज झालेला जॅक: केबल हळूच हलवून बघितली की मास्टरचा मीटर लगेच खाली जातो.

कॉर्डलेस माइक असेल तर वेगळी शक्यता असते. ट्रान्समीटर बंद असताना किंवा लांब गेल्यावर रिसीव्हरमधून सूं असा गोंगाट बाहेर पडतो, तो अडवण्याचं काम स्क्वेल्च नावाचं सेटिंग करतं. स्क्वेल्च फार सैल ठेवला तर तो गोंगाट थेट टॉकओव्हरला जागं करतो. निवेदकाने माइक बंद करून खिशात ठेवला आणि नेमकं तेव्हापासून गाणं दबायला लागलं, तर इथेच शोधा. याच रिसीव्हरच्या मागे माइक आणि लाइन असा पातळीचा स्विच किंवा दोन वेगळी आउटपुट असतात. लाइनचं आउटपुट मिक्सरच्या माइकच्या भोकात गेलं असेल, तर सिग्नल गरजेपेक्षा कितीतरी जास्त येतो: आवाज फाटतो आणि निवेदकाच्या श्वासालाही गाणं दबतं.

उलटी तक्रार: बोलतोय, पण गाणं दबत नाही

याची कारणं कमी आहेत, आणि पहिलं कारण इतकं साधं आहे की ते कुणी तपासत नाही. निवेदकाचा माइक डीजे मिक्सरमध्ये लावलेलाच नसतो. तो पुढच्या मोठ्या कन्सोलमध्ये असतो, आणि डीजे मिक्सर त्याच कन्सोलमध्ये स्टिरिओ लाइन म्हणून जातो. अशा मांडणीत डीजे मिक्सरला निवेदक बोलतोय याचा पत्ताच नसतो. टॉकओव्हरचा स्विच कितीही वेळा दाबा, उपयोग होत नाही. गाणं दाबण्याचं काम कन्सोलवरच व्हायला हवं. पुष्कळ डिजिटल कन्सोलांत गेटच्या विभागात डकर, म्हणजे एका सिग्नलवरून दुसरा दाबणारा, हा प्रकार मिळतो. तो गाण्याच्या चॅनेलवर लावायचा आणि त्याची की, म्हणजे दाबण्याची सूचना, निवेदकाच्या चॅनेलवरून घ्यायची. डकर नसेल तर साइडचेन (दुसऱ्या चॅनेलवरून सूचना घेण्याची सोय) असलेला कॉम्प्रेसर तेच काम करतो.

दुसरं कारण, माइक एखाद्या साध्या चॅनेलवर किंवा ऑक्समध्ये (जादा इनपुटमध्ये) लावलाय. टॉकओव्हर फक्त माइकच्या ठरलेल्या चॅनेलवर पहारा ठेवतो. दोन माइकची सोय असलेल्या काही मिक्सरांत तर पहिल्याच माइकला टॉकओव्हर असतो, दुसऱ्याला नसतो. तिसरं कारण कमी गेन, आणि त्याचा उपाय वर आलाच.

मास्टर, बूथ आणि रेक: तीन दारं, तीन नियम

मिक्सरच्या मागची आउटपुट एकाच सिग्नलच्या तीन प्रती आहेत असं समजलं, की पुढच्या सगळ्या चुका आपोआप होतात. मास्टरचा नॉब मास्टरपुरता. बूथला स्वतःचा नॉब. रेकॉर्डिंगचं आउटपुट, म्हणजे रेक, बहुतेक मिक्सरांत मास्टरच्या नॉबच्या आधी घेतलेलं असतं, त्यामुळे मास्टर शून्यावर नेला तरी रेकॉर्डिंग चालू राहतं. टॉकओव्हर मात्र या सगळ्यांच्या आधी होतो, म्हणून तो तिन्ही ठिकाणी ऐकू येतो. रेकॉर्डिंग ऐकताना गाणं दबलेलं सापडलं, तर ती चूक हॉलच्या स्पीकरची नाही याचा तो पुरावाच असतो.

बूथमध्ये एक खास गंमत होते. काही मिक्सरांत माइकचा आवाज बूथला पाठवायचा की नाही याचं वेगळं सेटिंग असतं, आणि शिट्टी टाळायला ते बंद ठेवणं शहाणपणाचंही आहे. पण मग डीजेला बूथमध्ये निवेदक ऐकू येत नाही, फक्त गाणं दबलेलं ऐकू येतं. त्याला वाटतं मिक्सर बिघडला. खरं तर बाहेर घोषणा चालू असते.

त्याहून महागात पडणारी चूक मी स्वतः केली आहे. गाणं दबलं म्हणून घाईने मास्टर चढवला. निवेदक थांबला, गाणं आपल्या जागी परत आलं, ते चढवलेल्या मास्टरवर. टॉकओव्हर १८ डेसिबलचा असेल तर दबलेल्या गाण्याचा व्होल्टेज मूळच्या साधारण एक अष्टमांश असतो. म्हणजे परत येताना तो आठपट होतो. मास्टरचे लाल दिवे लागले, लिमिटर (आवाज मर्यादेबाहेर जाऊ न देणारे) धडकले, समोरच्या रांगेतल्या लोकांनी कानांवर हात नेले. तेव्हापासून घोषणा चालू असताना मास्टरला हात लावायचा नाही हे मी कटाक्षाने पाळतो. गाणं फार दबतंय असं वाटलं तर मापाचं सेटिंग बदलायचं, मास्टर नाही.

मास्टरची दोन आउटपुटही सारखी नसतात. एक्सएलआर बॅलन्स्ड असतं आणि व्यावसायिक पातळीवर चालतं. +४ डीबीयू म्हणजे सुमारे १.२३ व्होल्ट. आरसीए (घरच्या स्टिरिओला असतो तसा प्लग) अनबॅलन्स्ड, घरगुती पातळीचं. −१० डीबीव्ही म्हणजे सुमारे ०.३२ व्होल्ट. दोघांत जवळपास १२ डेसिबलचा फरक पडू शकतो. कन्सोलवाल्याला आरसीएची केबल दिली, त्याला आवाज कमी वाटला, त्याने ‘अजून द्या’ म्हटलं आणि तुम्ही मास्टर लाल होईपर्यंत नेला: गाणं तुमच्याकडेच फाटलं, आता ते पुढे कुणीही दुरुस्त करू शकत नाही. एक्सएलआर द्या, मीटर हिरव्या-पिवळ्यात ठेवा आणि उरलेला गेन कन्सोलवर घ्यायला सांगा. एक्सएलआर कन्सोलच्या माइक इनपुटमध्ये जात असेल तर तिथे पॅड, म्हणजे पातळी कमी करणारा स्विच, लावायला हवा.

मीटर स्थिर असताना हॉलमध्ये आवाज बसतो ती गोष्टही इथलीच. स्पीकरमधला किंवा प्रोसेसरमधला लिमिटर सिग्नल मर्यादेबाहेर गेला की सगळंच दाबतो, गाणं आणि बोलणं दोन्ही. टॉकओव्हर बोलण्याला हात लावत नाही. घोषणेच्या वेळी निवेदकही गाण्याबरोबर बसत असेल, तर लिमिटरचा दिवा बघा.

आणखी एक प्रकार, जो दबण्यासारखा भासतो पण आहे वेगळाच: गाण्यातला गायक गायब होतो, किक पोकळ होते, मागची वाद्यं तेवढी राहतात. हेडफोनसाठी असते तशी स्टिरिओ केबल कुणीतरी बॅलन्स्ड मोनो इनपुटमध्ये घातलेली असते. बॅलन्स्ड इनपुट दोन तारांमधला फरक घेतं, म्हणजे डाव्यातून उजवं वजा करतं. दोन्हींत सारखं असलेलं सगळं वजाबाकीत जातं, आणि गायक नेमका मध्यभागी असतो. दोन स्वतंत्र केबली वापरा, नाहीतर मिक्सरचा मोनो स्विच.

किती दाबायचं

काही मिक्सरांत हे माप निवडता येतं. पायोनियरच्या डीजेएम-९०० नेक्सस २ वर ६, १२, १८ आणि २४ डेसिबल अशा चार पायऱ्या आहेत. त्यात सगळं गाणं दाबण्याच्या साध्या पद्धतीखेरीज फक्त मधले सूर दाबण्याचीही सोय आहे. बोलण्यातली व्यंजनं साधारण २ ते ४ किलोहर्ट्झच्या आसपास कळतात. तेवढी जागा मोकळी केली तर बास चालू राहूनही शब्द समजतात. नाच चालू असताना दोन वाक्यांची घोषणा करायची असेल, तर मला मधले सूर दाबणंच आवडतं. ताल तुटत नाही. लांब निवेदन असेल तर सगळं गाणं १२ डेसिबल खाली पुरेसं होतं. २४ वर गाणं गेल्यासारखं वाटतं, आणि परत येताना धक्का बसतो.

निवेदक शब्दाशब्दाला थांबणारा असेल तर गाणं प्रत्येक विरामात उसळी मारतं. होल्ड किंवा रिलीज (गाणं दबलेलं राहण्याचा किंवा परत वर येण्याचा वेळ) वाढवता येत असेल तर ते एक-दोन सेकंदांपर्यंत न्या. वाढवता येत नसेल तर टॉकओव्हर बंद करा, माइक साध्या ‘चालू’वर ठेवा आणि गाण्याचा फेडर हाताने उतरवा. अशा निवेदकासाठी हात यंत्राहून चांगला चालतो.

सगळं लावून झालं की मी शेवटी एक गोष्ट करतो. माइक टॉकओव्हरवर, स्टँडवर, कुणी न बोलता. बूथ आणि मास्टर प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या पातळीवर. बासचं भरगच्च गाणं. माइकचा नॉब हळूहळू चढवत न्यायचा, गाणं हुंदके देऊ लागेल तिथे थांबायचं, आणि तिथून निदान ६ डेसिबल मागे यायचं. त्या जागी चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावतो. त्या खुणेवर निवेदकाचा आवाज कमी पडला तर नॉब चढवत नाही. उठून त्याच्याकडे जातो आणि माइक तोंडाजवळ धरायला सांगतो.